वायफाय चुलीपर्यंत

माझ्या सासऱ्यांच्या हाती कुणी उभी पृथ्वी आणून दिली असती, तर ती ठेवून घेण्याआधी त्यांनी टिचकी मारून वाजवून पाहिली असती. सोनपेठच्या बाजारगल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. सारी हयात तांब्या-पितळेच्या संगतीत गेल्यामुळे त्यांचा असा ठाम समज झाला आहे, की जगातली कुठलीही वस्तू आपलं खरं-खोटं आवाजातून सांगते. तिला वाजवायला संकोच वाटता कामा नये, एवढंच. मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणायची रीत आहे) कलिंगड वाजवतात, माठ वाजवतात, हे एक वेळ कुणीही करील. पण ते एसटीत बसण्याआधी खिडकीचा पत्रा वाजवतात आणि दवाखान्यात गेले की डॉक्टरांचं टेबल वाजवून मगच जीभ बाहेर काढतात. मुलीसाठी मला बघायला ते परभणीला आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या आईनं ठेवणीतले कप काढून चहा दिला होता. मामांनी कप उचलला, नखानं हळूच वाजवला, कान तिरका केला आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "ताई, चहा फक्कड हाय. पण ह्या कपाला चीर गेलीय, पाव्हण्याला यातून देत जाऊ नका." आईचा चेहरा उतरला, आणि हे स्थळ गेलं असं आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पण निघताना मामांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि घरी जाऊन होकार कळवला. नोकरी, शेती, पगार यांतलं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. लग्नानंतर बायकोकडून कळलं, की घरी त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं: "पोरगं भरीव हाय. आतून पोकळ वाजत न्हाई."

त्यांची दुसरी खोड कुणाला त्रास देणारी नाही, पण जागा खाणारी आहे. एखाद्या घाटाचं भांडं बाजारातून उठायला लागलं, कारागीर ते घडवायचे थांबले, की मामा त्यातलं शेवटचं भांडं विकत नाहीत. गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही. "वानगी म्हणून राहू द्या," म्हणतात, आणि ते भांडं उचलून आत नेऊन ठेवतात. बाजारगल्लीतल्या घरांसारखंच त्यांचंही घर अरुंद आणि लांब आहे: पुढे दुकान, मग बैठक, मग एक मधली खोली आणि सगळ्यात शेवटी स्वैपाकघर. मधल्या भिंती दगडाच्या, हातभर जाडीच्या. अशा वानग्यांनी ती मधली खोली जमिनीपासून छतापर्यंत भरली होती. लोखंडी मांडण्यांवर घंगाळं, हंडे, कळशा, चरव्या, पाणी तापवायचे बंब, पंगतीची पातेली, आणि ज्यांची नावं आता मामांखेरीज कुणाच्या तोंडी उरलेली नाहीत अशी कितीतरी भांडी. स्वैपाकघरात जायचं तर त्यांच्यामधून अंग चोरून जावं लागे. चुकून कोपर लागला तर एक भांडं दुसऱ्याला सांगे, दुसरं तिसऱ्याला, आणि पार पुढून दुकानातून मामांचा आवाज येई, "चरवीला धक्का लागला का हो?" चरवीलाच लागलेला असे. रोज सकाळी लिंगपूजा झाली, कपाळावर विभूती लावली, की ते दुकान उघडण्याआधी या खोलीतून एक फेरी मारत. त्या फेरीला मामी 'दुसरी पूजा' म्हणत.

सोनपेठला फायबर आलं तेव्हा अगदी सुरुवातीला जोडणी घेणाऱ्यांत मामा होते. याचं गल्लीला मोठं नवल वाटलं, कारण मामांना स्वतःला इंटरनेटचं काडीचं वेड नाही. ते बातम्या पेपरात वाचतात आणि कीर्तन देवळात जाऊन ऐकतात. जोडणीला आलेल्या माणसानं खांबावरून तार दुकानात आणली, गल्ल्याच्या वर भिंतीला पेटी ठोकली, तिचे हिरवे दिवे दाखवले आणि तो निघून गेला. मामांनी लगेच मला फोन केला. "जावईबापू, नळ म्हणून घेतला आन् धबधबाच निघाला की! दुकानात नुसतं धो धो यायलंय." मी त्यांचं अभिनंदन केलं आणि या धबधब्याचं ते काय करणार आहेत असं विचारलं. "मला काय करायचंय? तुमच्या मामीसाठी घेतलंय," ते म्हणाले.

इथे मामींविषयी सांगायला हवं. मामींना ऐकू येत नाही. चाळिशीनंतर हळूहळू कमी होत गेलं आणि मग गेलंच. कानाचं यंत्र आणलं होतं, पण भांडेवाल्याच्या घरात ते लावून बसणं म्हणजे देवळातल्या घंटेत डोकं घालून बसण्यासारखं. मामींनी ते चार दिवसांत कपाटात ठेवून दिलं आणि आपला मार्ग आपण काढला. समोरचा माणूस त्यांच्याकडे बघून, तोंड नीट उघडून बोलला, की त्या ओठांवरून सगळं ओळखतात. इतकं अचूक, की लग्नकार्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बायकाही त्यांच्याबद्दल बोलायचं झालं तर तोंडावर पदर धरतात. बैठकीत मामांचा तरुणपणीचा एक फोटो आहे. त्यात कपाळावर विभूतीचे पट्टे आहेत आणि नाकाखाली अशा काही मिशा आहेत, की त्यांच्याकडे बघून एखाद्या फौजदारानं आपल्या मिशा खाली घ्याव्यात. मी मामांना बिनमिशांचंच पाहत आलो आहे. एवढ्या मिशा का काढल्या, असं मी बायकोला एकदा सहज विचारलं. ती म्हणाली, "आईला ओठ दिसायचे न्हाईत." मामींचं ऐकणं कमी झालं त्या वर्षी मामा एक दिवस न्हाव्याकडे गेले आणि मिशा तिथेच ठेवून आले. घरात काही वाईट घडल्याशिवाय कुणी असं करत नाही म्हणून गल्लीतली माणसं चौकशीला आली. मामांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "गरम व्हायलं होतं."

तर या मामींची धाकटी लेक, म्हणजे माझी मेव्हणी, लग्न होऊन नवऱ्याबरोबर कॅनडात असते. तिची सकाळ होते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते, आणि त्या वेळेला ती आईला फोन लावते. मामींना नुसत्या आवाजाचा फोन काय कामाचा? त्यांना चेहरा दिसायला हवा, आणि ओठ हलताना दिसायला हवेत. दुकानात बसून बोलल्या असत्या तर प्रश्नच नव्हता, पण त्याला मामींची साफ ना होती. "बाजारात बसून लेकीशी काय बोलू? मी हळू बोलायले का मोठ्यानं, मला कुटं कळतंय? सारी गल्ली ऐकंल." म्हणून त्या स्वैपाकघरातच, ओट्यावर पोळपाट उभा करून त्याला फोन टेकवून, भाकरी थापता थापता बोलत. आणि स्वैपाकघरात पोचेपर्यंत त्या धबधब्याची ठिबकणारी तोटी झालेली असे. चित्र यायचं, थांबायचं, तुकडे तुकडे व्हायचं. आपण कानांनी ऐकणारे अशा वेळी आवाजावर निभावून नेतो. मामींसाठी अर्धा शब्द लेकीच्या ओठांवरच अडकून राही.

एका संध्याकाळी तर कहरच झाला. मामींनी कुणाबरोबर तरी लिंबाचं लोणचं पाठवलं होतं ते लेकीला मिळालं. किती छान झालंय हे दाखवायला तिनं फोनसमोरच एक फोड तोंडात टाकली. फोड आंबट होती. तिनं डोळे घट्ट मिटले, तोंड वाकडं केलं, आणि नेमकं तिथेच चित्र थांबलं. ते काही केल्या हलेना. मामींना दिसत होती ती डोळे मिटून, ओठ आवळून रडणारी आपली लेक. त्यांनी हातातलं पीठ तसंच टाकलं आणि "अहो, पोरगी रडायलीय! काय झालंय बगा!" असं ओरडत त्या भांड्यांच्या खोलीतून धावल्या. मामांनी दुकानातून पुन्हा फोन लावला. पलीकडून लेक सांगत होती, "अप्पा, लोणचं खायले मी! लोणचं!" मामांनी मामींना समोर उभं करून, एकेक अक्षर ओठांवर फोडून सांगितलं, "लो-ण-चं." मामींना पटेना. आईला काळजी नको म्हणून बाप-लेक दोघं मिळून लपवतायत, असंच त्यांना वाटलं. मामांनी फोन त्यांच्यापुढे धरला तर तोवर लेक कामाला निघून गेलेली. त्या रात्री मामी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामांनी दुकान वेळेआधी बंद केलं, फळ्या लावल्या, मामींना गल्ल्यामागे गादीवर बसवलं आणि लेकीचा हसरा चेहरा त्यांना पोटभर बघू दिला, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

तिथून पुढे मामांना जे वेड लागलं, त्याची गोष्ट सोनपेठच्या बाजारात आजही सांगतात. पहिली तोफ डागली ती फायबरवाल्यावर. "तुमी माप मारायलेत," असं त्यांनी त्याला फोनवर सुनावलं. "दुकानात शंभर आन् स्वैपाकघरात चार? असलं माप तर आठवडी बाजारातबी कुणी मारत न्हाई." तो बिचारा दुसऱ्याच दिवशी आला आणि भिंतीवर बघतो तर पेटीच नाही. मामांनी मोठ्या अभिमानानं मांडणीवरून पोळ्यांचा एक स्टीलचा डबा खाली घेतला आणि झाकण उघडलं. आत, मऊ फडक्यात गुंडाळून, पेटी ठेवलेली होती. बाजूला तारेपुरतं भोक पाडलेलं. "उंदीर लय झालेत, धूळबी बसती. म्हणून डब्यात ठिवली. पत्रा बगा किती जाड हाय," आणि टिचकी मारून त्यांनी त्याला तो ऐकवलासुद्धा. फायबरवाल्यानं कपाळाला हात लावला. "मामा, पेटीला दम द्यायलेत का तुमी? पत्र्याच्या डब्यातून वायफाय भाईर कसं यील?" मग त्यानं पेटी बाहेर काढून तिला तारेनं आपला लॅपटॉप जोडला आणि आकडा दाखवला. पुरता आकडा, एकानंही कमी नाही. "आमच्याकडून पुरं यायलंय. पुढं तुमच्या घरात गळायलंय."

दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. मामांचा मोठेपणा असा, की माप पुरं दिसताच त्यांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्या पोराची माफी मागितली आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकरी-पिठलं खाता खाता त्याच्याकडून त्यांनी सगळी विद्या काढून घेतली. पेटी उंचावर आणि उघड्यावर हवी, धातूच्या आडोशाला नको, शक्य तर घराच्या मध्यावर हवी. आणि एका पेटीतून दोन तऱ्हेचं वायफाय निघतं, एक पाचचं आणि एक दोनचं. पाचचं वेगात असतं पण लांब जात नाही. दोनचं सावकाश असतं पण भिंती ओलांडतं. ही शेवटची गोष्ट मामांना फार आवडली. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा त्यांनी ती मला समजावून सांगितली. "पाचवालं म्हंजी शहरातला पाव्हणा. गाडीतून उतरतो लय झोकात, पण उंबऱ्याच्या आत यायचं म्हणलं की कुरकुर. दोनवालं म्हंजी आपला पालमकडचा, खेड्यातला पाव्हणा. येतो सावकाश, पण थेट चुलीपर्यंत येतो, आन् भाकर मागून खातो." मी परभणीचा पाव्हणा यांत कुठे बसतो हे विचारायचा धीर मला झाला नाही.

यानंतर काही दिवस मामा घरात सरळ चाललेच नाहीत. हातात फोन आडवा धरायचा, एकेक पाऊल टाकायचं, थांबायचं, वेग मोजायचा आणि जो आकडा येईल तो मोठ्यानं ओरडायचा. दुकानात गिऱ्हाईक कढईला हात लावून उभं असे आणि आतून "देवघरात बावीस!" अशी आरोळी येई. एका म्हातारबांनी तर तो भाव समजून "लय लावलं!" असं म्हणत कढई खाली ठेवली. मामी त्यांच्या या चालण्याकडे ओट्याशी बसून बघत आणि तोंडाला पदर लावून हसत. त्या मोजणीत मामांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली, की दिवसा दुकानं उघडी असताना आकडा पडतो आणि सकाळी लवकर वर जातो. फायबरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, शेजारच्यांच्या पेट्या पण तुमच्याच वाटेवर, म्हणजे एकाच चॅनलवर बोलतायत, त्यामुळे गोंधळ होतो. मामांना हे फोड करून सांगावं लागलं नाही. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि शेजाऱ्यांकडे गेले. उजवीकडचा टेलर आणि डावीकडचा मिठाईवाला या दोघांचं मामांच्या दुकानापुढचा ओटा कुणी वापरायचा यावरून बरीच वर्षं भांडण होतं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसत. मामांनी दोघांना आपल्या दुकानात आणून समोरासमोर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बाबांनो, आठवडी बाजारात समदेच एका कोपऱ्यात बसून ओरडले तर कुणाला काय ऐकू यील? टेलर एकवर बसा, मिठाईवाले अकरावर जा. मी मधी सहावर बसतो." फायबरवाल्यानं तिघांच्या पेट्या तशा लावून दिल्या. चॅनलची वाटणी झाली ती झालीच, पण निघताना टेलर मिठाईवाल्याला म्हणाला, "तुमच्याकडं यायलंय का आता नीट?" इतक्या वर्षांतलं त्यांचं ते पहिलं बोलणं होतं, असं मामा सांगतात.

दोनचं आणि पाचचं झालं, वाटणी झाली, तरी स्वैपाकघरात लेकीचं चित्र अडखळतच होतं. मग मामांनी परळीला जाऊन वेग पुढे ढकलणारं एक यंत्र आणलं. हे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचं, म्हणजे ते वायफाय पकडून पुढे फेकतं. मामांनी ते मोठ्या हौसेनं ओट्याजवळ लावलं. काहीच फरक पडला नाही, कारण तिथे पकडायलाच काही येत नव्हतं. मी आणि बायको त्या दिवशी तिथेच होतो. मामा वैतागून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ज्याला सोताला ऐकू येत न्हाई, ते दुसऱ्याला काय सांगणार?" मामी समोरच बसल्या होत्या आणि त्यांनी ओठ वाचले होते. मामांचा चेहरा असा झाला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. मामींनी मात्र परातीतलं पीठ हाताला लावत शांतपणे म्हटलं, "ऐकू येत न्हाई म्हणून काय झालं? जितनं दिसतंय तितं नेऊन बसवा की त्याला. मी न्हाई का तुमच्या तोंडापुढं येऊन बसत?" मामांनी ते यंत्र उपटलं, भांड्यांच्या खोलीच्या दारापाशी, जिथवर दुकानातलं वायफाय नीट येत होतं तिथे नेऊन लावलं, आणि ते चालायला लागलं. मामांनी वळून मामींकडे पाहिलं आणि हात जोडले. मामी म्हणाल्या, "पुरं आता. भाकर निवायली."

पण यंत्रानं वेग निम्मा होऊन जाई. कधी चित्र स्वच्छ, कधी पुन्हा चिंध्या. शेवटी फायबरवाला म्हणाला, पक्कं काम हवं तर दुकानातल्या पेटीपासून स्वैपाकघरापर्यंत तार ओढायची आणि तिथे दुसरी पेटी बसवायची. हातभर दगडाला भोक कोण पाडणार? भांड्यांच्या खोलीच्या मागच्या भिंतीत, वर, एक जुना झरोका होता, त्यातून तार स्वैपाकघरात उतरली असती. तो मांडण्यांच्या मागे होता. म्हणजे सगळ्या वानग्या काढाव्या लागणार होत्या. मामा दोन दिवस त्या खोलीतून नुसत्या फेऱ्या मारत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपली, विभूती लावली आणि ते पहिला हंडा उचलून बाहेर गल्लीत ठेवून आले. मामी आडव्या आल्या. "अहो, कामून काढायलेत? उभा जन्म गोळा केलं. राहू द्या, मी दुकानात येऊन बोलत जाईन."

मामांनी हातातली कळशी खाली ठेवली, मामींच्या समोर आले आणि सावकाश म्हणाले, "भांडी कुटं जायलीत? तू बोल निवांत."

दुपारपर्यंत गल्लीत पितळेचा डोंगर उभा राहिला. उन्हात तो असा लखलखू लागला, की एसटी स्टँडवरून माणसं बघायला आली. मामा दुकान मोडतायत अशी आवई उठली. मिठाईवाला आणि टेलर दोघांनी मिळून बंब उचलायला हात लावला. बघे भाव विचारत होते, मामा चिडत होते, आणि कुणी हंडा उलटा ठेवला की जाऊन सुलटा करत होते. खोली रिकामी झाली, मांडण्या हलवल्या, झरोका मोकळा झाला. फायबरवाला तार काढेपर्यंत मामांनी सवयीनं फोन काढला आणि स्वैपाकघरात जाऊन वेग मोजला. अजून तार यायची होती, दुसरी पेटी बसायची होती, तरी आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेला होता. मामा परत आले, त्या मोकळ्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि पोट धरून हसायला लागले. "सापडला की हो चोर! मीच पाळला होता."

तार गेली, दुसरी पेटी स्वैपाकघरात उंचावर, उघड्या भिंतीला लागली. आता भांडी परत आत ठेवली असती तरी चाललं असतं. फायबरवाला तसं म्हणालाही. मामांनी ऐकलं नाही. पंगतीची मोठी पातेली त्यांनी महादेवाच्या देवळाला देऊन टाकली. काही घंगाळं नातेवाइकांकडे गेली. पाणी तापवायचा एक बंब आमच्या वाट्याला आला आणि परभणीतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये तो एखाद्या वडीलधाऱ्या पाव्हण्यासारखा हॉलमध्ये बसून आहे. उरलेली भांडी दुकानाच्या माळ्यावर चढली. प्रत्येक भांडं देताना मामा त्याचं नाव, कुणी घडवलं ते, आणि कशासाठी वापरतात ते सांगत. घेणाऱ्यानं ते पुन्हा म्हणून दाखवल्याखेरीज हातातून सोडत नसत.

त्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही सोनपेठला होतो. संध्याकाळी लेकीचा फोन आला. मामा मुद्दाम दुकानात जाऊन बसले, जणू आपल्याला काही देणंघेणं नाही. बराच वेळ गेला. आतून काहीच आवाज येईना. ना मामींचा, ना लेकीचा. मामी बोलू लागल्या की साऱ्या घराला ऐकू जातं, त्यामुळे मामा अस्वस्थ झाले. "तार निघाली वाटतं," म्हणत उठले आणि रिकाम्या खोलीतून स्वैपाकघराच्या दारापर्यंत गेले. मी त्यांच्या मागे होतो. फोनवर लेकीचा चेहरा स्पष्ट दिसत होता, पापण्यांचे केससुद्धा मोजावेत इतका. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मामींचेही ओठ हलत होते, त्यांनाही आवाज नव्हता. दोघी नुसत्या ओठांनी बोलत होत्या. बायकोनं नंतर सांगितलं, की लहानपणी जेवायला बसल्यावर अप्पांच्या तक्रारी त्या बहिणी आईला अशाच सांगायच्या. अप्पा शेजारीच बसलेले असायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. मामा दाराशी थांबले. मामींच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसतही होत्या. मामांनी हळूच दार ओढून घेतलं आणि ते मागे वळले.

"चालू हाय," ते मला म्हणाले. "लय चांगलं चालू हाय."

त्या दोघी काय बोलल्या हे त्यांनी मामींना विचारलं नाही. मामींनीच बऱ्याच दिवसांनी सांगितलं. लेकीला दिवस गेले होते. आधीच्या वेळचं टिकलं नव्हतं, आणि ते तिनं माहेरी कुणालाच कळू दिलं नव्हतं. या वेळी ती फार घाबरलेली होती. सासूसासरे भेटीला येऊन शेजारच्या खोलीत राहत होते, त्यांच्या कानावर इतक्यात काही जायला नको होतं. तिला फक्त आईला सांगायचं होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी मायलेकी तशाच बोलत राहिल्या. आई तिला धीर देत राहिली, काय खावं, कसं निजावं ते सांगत राहिली. आणि दिवस भरत आले तसं लेकीनं आईला बोलावून घेतलं. आयुष्यात परळी-परभणीच्या पलीकडे फारशा न गेलेल्या मामी ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर विमानात बसल्या आणि कॅनडाला गेल्या. "तुमीबी जा की," असं मी मामांना म्हणालो, तर ते म्हणाले, "दुकान कोण बगंल?" आणि एका परातीवरची नसलेली धूळ पुसू लागले.

नात झाली. सगळं नीट पार पडलं. मामी तिकडेच होत्या तेव्हा एकदा कामानिमित्त मी सोनपेठला गेलो. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, म्हणून मी मागच्या दारानं आत गेलो. मामा स्वैपाकघरात, ओट्यावर पोळपाट उभा करून त्याला फोन टेकवून पिठलं ढवळत होते. फोनमध्ये मामी होत्या. "मीठ किती टाकलंय? आन् गॅस बारीक करा!" त्यांचा आवाज स्वैपाकघर भरून बाहेर मागच्या अंगणात जात होता. मामा दर वाक्याला ढवळणं थांबवायचे, फोनसमोर तोंड नेऊन, ओठ नीट उघडून उत्तर द्यायचे आणि मग पुन्हा पळी हातात घ्यायचे. मामींनी नात समोर धरली. तिची इवलीशी मूठ, जांभई, सगळं अगदी ओट्यावर ठेवल्यासारखं दिसत होतं. चित्र एकदाही थांबलं नाही. मग नात रडायला लागली आणि मामी "ठिवते" म्हणून उठून गेल्या.

फोनचा पडदा काळा झाला. मामांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला. मग त्यांनी दोन ताटं घेतली, माझ्यापुढे भाकरी आणि पिठलं वाढलं. पिठल्यात मीठ जरा जास्तच झालं होतं, पण मी ते भाकरीशी खाऊन टाकलं.

"मामी कधी यायच्यात?" मी विचारलं.

"उन्हाळा सरल्यावर म्हणती. पोरगी सोडंना." त्यांनी एक घास खाल्ला. "तुमची गाडी कितीची हाय?"

परभणीची गाडी थोड्याच वेळात होती. मी तसं सांगितलं. मामांनी मान हलवली, पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि ताटाकडेच बघत म्हणाले, "जावईबापू, राहा की आजच्या दिवस. आता आत समद्या घरात फुल यायलंय."

मी गाडी सोडून दिली.